एकच डुकरीण पाळायची असेल तर: खानापूर-बेळगाव भागातल्या लहान शेतकऱ्यासाठी सगळी माहिती

आपल्या भागात आता बरेच जण विचारालेत की म्हशीचं खाद्य परवडत नाही, कोंबड्यांवर रोग येतोय, मग परड्यात एखादी डुकरीण बांधली तर कसं. जमतंय की. खाणं घालणं, शेण काढणं, पाणी मारणं हे म्हशीपेक्षा कमीच काम आहे. खरी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे डुकरीण एकटी असते. माजावर आली तर शेजारच्या खणात नर नाही, पिल्लं जास्त झाली तर उरलेली पाजायला दुसरी आई नाही, गाभण राहिली नाही तर ते अख्खं वेत गेलं आणि त्या जागी दुसरीचं वेत मोजायला नाही. पन्नास माद्यांच्या फार्मवर या गोष्टी आपोआप भागतात, एकीचं कमी तर दुसरीचं जास्त. तुमच्याकडं दुसरी नाही, त्यामुळं तिथं जे आपोआप होतं ते तुम्हाला आधीच ठरवून ठेवायला लागतंय. खाली जे लिहिलंय ते हे धरूनच लिहिलंय, मोठ्या फार्मची माहिती कमी करून दिलेली नाही.

जनावर आणायच्या आधी तीन कामं

पहिलं काम नर शोधणे. हे जनावर आणल्यावर बघू असं अजिबात म्हणू नका. एका मादीसाठी स्वतःचा नर पाळणं म्हणजे रोज अडीच किलो खाद्य, वर्षाला नऊशे किलोच्या वर, आणि त्याचं काम वर्षातून दोन वेळा. म्हणजे मादीएवढाच खर्च त्याच्यावर. म्हणून दुसऱ्याचा नर. खानापूर, नंदगड, लोंढा या पट्ट्यात आणि गोव्याच्या हद्दीला लागून डुकरं पाळणारी घरं आहेत, छोटे फार्म पण आहेत, तिथं स्वतः जाऊन बघा. नर किती वयाचा (आठ-नऊ महिन्यांच्या आतला नको), लंगडत नाही ना, स्वाइन फिव्हरची लस झाली का, गेल्या वेळी लावलेल्या मादीला किती पिल्लं झाली, हे चार प्रश्न विचारा आणि गाडीचं भाडं धरून लावायचे पैसे आधीच ठरवा. दुसरा मार्ग कृत्रिम रेतनाचा. जुन्या गोव्यात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथं डुकरांच्या कृत्रिम रेतनावर काम झालेलं आहे, आपल्याला कणकुंबी-चोर्ला घाट उतरून जायला लांब नाही. तिथं आणि बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून ठेवा.

दुसरं काम गिऱ्हाईक. पिल्लं दोन महिन्यांची झाली की खातात लई आणि जागा पुरत नाही, त्यावेळी गिऱ्हाईक शोधायला निघालात तर दर तो सांगेल तो. मांस स्वतः कापून विकायचं तर लायसन लागतंय, एका डुकरिणीवर ती भानगड नको, जिवंत पिल्लंच विका.

तिसरं शेजारी. हे लोक हसण्यावारी नेतात पण बंद पडलेली शेडं जास्त करून यामुळंच पडली आहेत. वास, माशा, आणि काही घरांना हे जनावर दिसणं सुद्धा नको असतं, तो त्यांचा धर्म आहे, त्याच्यावर वाद घालून उपयोग नाही. देवळाच्या, मशिदीच्या वाटेवर, जत्रेच्या रस्त्यावर शेड घालू नका, ग्रामपंचायतीत जाऊन विचारून लेखी घ्या, आणि जनावर कधीच मोकळं सोडायचं नाही. मोकळं सोडलं की ते उकिरडा, गटार फिरतंय, माणसाची घाण खातंय, आणि त्यातून पट्टकृमीचं चक्र चालू होतंय. माणसाच्या पोटातल्या या किड्याची अंडी डुकराच्या अंगात गेली की मटणात बारीक फोड धरतात, ते अर्धंकच्चं खाल्लं की परत माणसात किडा, आणि तीच अंडी हाता-अन्नातून माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत जाऊन फिट्स येतात. बंदिस्त डुक्कर आणि घरात संडास, एवढ्यानं हे चक्र तुटतंय. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पण डुकरात वाढतो आणि डासातून माणसाकडं येतो, म्हणून शेड झोपायच्या खोलीला चिकटून नको आणि भोवती पाणी साचलेलं नको.

कुठली आणायची

पांढरी यॉर्कशायर किंवा तिचा गावठीशी क्रॉस, पहिल्यांदा पाळणाऱ्याला क्रॉस बरी. शुद्ध यॉर्कशायर पिल्लं जास्त देते पण खाद्यात कमी-जास्त झालं की लगेच ढासळते, उन्हात कातडी भाजते. गावठी काळी काटक आहे, कशावरही जगते, पण पिल्लं कमी आणि वाढ सावकाश. क्रॉसमध्ये दोन्हीचं थोडं थोडं येतंय.

चार-पाच महिन्यांची पाठ (अजून एकदाही न व्यालेली तरणी मादी) घ्या म्हणजे माजावर यायच्या आधी तिला तुमची सवय होते. सडं मोजा, दोन्ही बाजूला सहा-सहा तरी पाहिजेत, आत ओढलेली आंधळी सडं मोजू नका. आईला आठच्या वर पिल्लं होती का आणि ती पिल्लं तिनं नीट सांभाळली का हे विचारा. पाय सरळ, चाल मोकळी. बाजारातून, दलालाकडून घेऊ नका, एकाच घरातून घ्या, तिथली बाकी जनावरं बघून. फार्मवाले कमी केलेल्या मोठ्या माद्या स्वस्तात देतात, त्यांनी ती का काढली याचा विचार करा आणि चहा पिऊन परत या.

पैसे थोडे जास्त असतील तर खात्रीची गाभण पाठ घेणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. पहिला नर शोधायचा त्रास तिच्या मालकानं निस्तरलेला असतोय आणि तुम्हाला शिकायला एक वेत मिळतंय.

शेड

दहा बाय दहा फुटाचं एक खण, त्याला लागून तेवढंच उघडं अंगण, आणि बाजूला पाच बाय सहाचं एक लहान खण. लहान खण पुढं कामाला येतंय, सांगतो. भिंत चार फूट, चिऱ्याची चालेल. वर पत्रा घालू नका, आपल्याकडं खानापूरची कौलं मिळतात ती घाला, एप्रिल-मे मध्ये फरक कळेल. डुकराला घाम म्हणून येतच नाही म्हणलं तरी चालेल, अंग गार करायला पाणी किंवा चिखलच लागतोय. अंगणात उथळ खड्डा करा किंवा दुपारी दोनदा पाइपनं पाणी मारा. अथणी-चिकोडीकडं ऊन जास्त, तिथं झाडाची सावली नसेल तर शेडच घालू नका. उलट जांबोटी-कणकुंबीकडं पावसाची झड चार महिने आत येते, तिथं पश्चिमेची भिंत वरपर्यंत बांधा.

जमीन काँक्रीटची पण गुळगुळीत नको, पाय घसरून गाभण डुकरीण बसली की उठत नाही. दर चार फुटाला एक इंच उतार, शेवटी नाली, नाली खड्ड्यात. विहिरीपासून शंभर फूट तरी लांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतल्या खणात तीन भिंतींना जमिनीपासून आठ-दहा इंच वर आणि भिंतीपासून आठ-दहा इंच पुढं असा पाइपचा आडवा दांडा बसवा. डुकरीण आडवी पडताना भिंतीला टेकत खाली सरकते, मधे पिल्लू असलं तर चिरडतंय. दांडा असला की पिल्लाला निसटायला जागा राहते. बांबू लावू नका, ती चावून टाकते.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या बाजूला ज्यांची शेती आहे त्यांनी बाहेरून जाळी दुहेरी घालावी. रानडुक्कर माजावरच्या मादीच्या वासानं रात्री येतोय, कुंपण तोडतोय, रोग आणतोय, आणि त्याच्यापासून पिल्लं झाली तर फॉरेस्टवाल्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला तुम्ही. बिबट्याचं तर वेगळं सांगायला नको.

खाणं

एका डुकरिणीला वर्षाला साधारण एक टन खाद्य लागतंय, हा आकडा डोक्यात ठेवा. गाभण असताना रोज दोन ते अडीच किलो, व्याल्यावर दोन किलो अधिक प्रत्येक पिल्लामागं पाव ते अर्धा किलो, म्हणजे आठ-दहा पिल्लांवर पाच-सहा किलोपर्यंत.

शंभर किलोचं मिश्रण घरी करायचं तर गाभण डुकरिणीला मका ५०, भाताचा कोंडा २०, गव्हाचा भुसा १४, सोया पेंड १३, मिनरल मिक्श्चर अडीच आणि मीठ अर्धा किलो. पाजणाऱ्या डुकरिणीला मका ५५, कोंडा १२, भुसा १०, सोया पेंड २०, बाकी तेवढंच. मका आणि सोयाबीन आपल्याकडं भरपूर, पण कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, ते तिला पचत नाही, पेंडच घ्या. शेंगदाणा पेंड स्वस्त पडते पण पावसाळ्यात बुरशी धरते आणि बुरशीनं गाभ पडतो. कोंडा ताजा घ्या, जुना खवट वास मारतोय.

आपल्या भागाचा खरा फायदा म्हणजे रताळी. उचगाव, कडोली, खानापूरकडं रताळी निघाली की बारीक, कापलेली, मार्केटला न जाणारी रताळी आणि वेल मिळेल तेवढं घ्या. शिजवून घातली तर मक्याचा एक भाग वाचतोय, पण रताळ्यात प्रोटीन फारसं नाही, पेंड कमी करायची नाही. बटाटा घालायचा तर शिजवून, हिरवा पडलेला आणि कोंब आलेला बटाटा काढून टाका, विष असतंय. खानापूरकडं मे मध्ये काजूची बोंडं आणि फणस फुकट मिळतात, द्या, पण बोंडं आंबायच्या आत.

हॉटेलचं, मेसचं उरलेलं अन्न. बेळगावात हॉस्टेल आणि खानावळी एवढ्या आहेत की हा मोह होणारच. त्यात डुकराच्या मटणाचा एक तुकडा असला तरी आफ्रिकन स्वाइन फिव्हर घरात येऊ शकतोय, हा विषाणू फ्रीजमधल्या मटणात महिनोन्महिने टिकतो. घालायचंच असेल तर मांसाहारी हॉटेलचं घ्यायचं नाही, आणि शाकाहारी पण खळखळून तासभर उकळून, ढवळत. लोणचं, पापड, खारट रस्सा बाजूला काढा. मीठ जास्त आणि पाणी कमी झालं तर डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतंय, फिट येते, मरतंय.

पाणी मोजू नका. पाजणारी डुकरीण दिवसाला वीस-तीस लिटर पिते. डोणीत उताणं पडून पाणी घाण करते म्हणून निपल (तोंडानं दाबलं की पाणी येणारी तोटी) लावलेला बरा.

एकटं जनावर

डुक्कर कळपात राहणारं आहे. एकटी ठेवली की काही जणी शेपटी-सडं घासत राहतात, लोखंड चावत बसतात, काही खायचं सोडतात. एकच ठेवायची म्हणून हट्ट असेल तर शेड अशा जागी घाला की घरातली माणसं येता-जाता दिसतील, खाद्याच्या वेळा रोज त्याच, पाठ खाजवायला पाच मिनिटं, आणि उकरायला भाताचं पिंजर किंवा पालापाचोळा रोज नवीन. पण मला विचाराल तर पहिल्या वेतातलं एक खच्ची केलेलं नर पिल्लू ठेवून घ्या. ते लहान खणात, मधे जाळीची भिंत. तिला सोबत होते, त्याला पण वाढवून विकता येतंय, आणि विकलं की पुढच्या वेतातलं दुसरं. बाहेरून मोठी अनोळखी मादी आणून एकदम आत सोडू नका, रक्त निघेपर्यंत मारामारी होते.

माज ओळखणे आणि नर लावणे

एकट्या डुकरिणीचं सगळं इथं अडतंय, म्हणून जरा सविस्तर.

पाठ पाच ते सात महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते. त्यावेळी लावायची नाही. दुसरा किंवा तिसरा माज, वय आठ महिने, वजन शंभर किलोच्या वर, तेव्हा. माज दर २१ दिवसांनी, १८ ते २४ धरून चाला, आणि टिकतो दोन-तीन दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या माजापासून खूण करा, पुढची तारीख पण लाल पेननं आधीच मांडा. तोंडी लक्षात राहतंय म्हणणाऱ्यांची एकेक वेतं जातात.

लक्षणं: निरण (योनीचं तोंड) सुजून लाल होते, खाणं कमी, भिंतीवर पाय ठेवून बाहेर बघते, ओरडते. पण ही सगळी आधीची लक्षणं, लावायची वेळ वेगळी. दोन्ही हातानं कमरेवर जोरात दाबा किंवा वर बसल्यासारखं करा. पुढं पळाली तर अजून वेळ आहे. जागच्या जागी लाकडासारखी ताठ उभी राहिली, कान ताठ केले, तर ती तयार. गंमत अशी की नराचा वास नसला तर बऱ्याच डुकरिणी, खास करून पाठी, नीट उभ्याच राहत नाहीत, आणि एकट्या डुकरिणीचा माज म्हणून चुकतोय. त्यावर सोपा उपाय आहे. नरवाल्याकडं जाऊन जुनं फडकं नराच्या तोंडाच्या फेसावर आणि अंगावर चांगलं घासून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा. माजाच्या अंदाजे तारखेला ते तिच्या नाकासमोर धरून मग कमर दाबा. फरक लगेच दिसतोय. फडकं फक्त लस झालेल्या, निरोगी नराचंच.

पाठ असेल तर ताठ उभी राहिल्याबरोबर लावा आणि बारा तासांनी परत. व्यालेली डुकरीण असेल तर उभी राहिल्यापासून बारा ते चोवीस तासांत एकदा आणि परत बारा तासांनी. एकदा लावून परत आणू नका, गाडीचं भाडं दोन दिवसाचं लागलं तरी चालेल, राहू द्या तिथं. मादी नराकडं न्यायची, नर मादीकडं नाही. नर परक्या जागी हुंगत फिरतो आणि काम विसरतो. छोट्या हत्ती टेम्पोत खाली पिंजर, मागं घसरू नये म्हणून आडवी फळी, आणि पहाटे किंवा संध्याकाळी, दुपारच्या उन्हात कधीच नाही. अगोदर गाडी धुवा, त्यात दुसरीकडची डुकरं नेली असतील तर रोग त्यातूनच येतोय. परत आणायची ती दोन-तीन दिवसांच्या आत. त्यानंतर महिनाभर गाडीत घालू नका, गर्भ धरायचा हाच काळ.

कृत्रिम रेतनाचा डोस आणणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. म्हशीचं रेत गोठवलेलं असतंय, डुकराचं बहुतेक वेळा ताजं, पातळ केलेलं, ऐंशी-शंभर मिलीच्या बाटलीत. ते १५ ते १८ डिग्रीला ठेवायचं. फ्रीजमध्ये ठेवलं की मेलं, बर्फावर थेट ठेवलं तरी मेलं. थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीला जाड कापड गुंडाळून, मधे थर्मामीटर ठेवून आणा, आणि देणारा जेवढे दिवस सांगेल त्याच्या आत वापरा. टोचणारा माणूस शिकलेला पाहिजे. गाई-म्हशीला टोचणाऱ्या सगळ्यांना डुकराचं येतंच असं नाही, आधीच विचारा.

लावल्यावर १८ ते २४ दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ कमर दाबून बघा. परत माजावर आली नाही तर गाभण धरा, आली तर लगेच परत न्या.

११४ दिवस

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. कॅलेंडरवर मांडा. मधल्या काळात लाड करून खाऊ घालू नका, लठ्ठ डुकरीण व्यायला त्रास देते आणि पिल्लांवर पडते. शेवटच्या महिन्यात अर्धा किलो वाढवा. व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी जंताचं औषध आणि अंगाला खरूज दिसली तर डॉक्टरांना दाखवून आयव्हरमेक्टिन. आठवडाभर आधी कोमट पाणी आणि साबणानं तिला, खास करून पोट आणि सडं, धुवून स्वच्छ केलेल्या खणात घाला. जंताची अंडी तिच्या अंगाला चिकटलेली असतात, ती धुतली नाहीत तर पिल्लं दुधाबरोबर खातात. शेवटचे दोन-तीन दिवस भुश्याचं पातळ, शेण घट्ट होऊ द्यायचं नाही.

व्यायची रात्र

बहुतेक रात्रीच. आदल्या दिवशी तोंडानं पिंजर गोळा करून घरटं करते, उठते-बसते. सड दाबल्यावर दूध आलं की बारा-चोवीस तासांत व्याली समजा.

जवळ ठेवा: कोरडी फडकी, आयोडिन, स्वच्छ दोरा, कात्री, टोपली, शंभरचा बल्ब, आणि लाइट जाणारच हे धरून गरम पाण्याच्या बाटल्या. थंडीत आपल्याकडं पहाटे बरंच गार असतंय आणि नव्या पिल्लाला ३२ ते ३४ डिग्री ऊब लागते, त्याच्या अंगावर चरबी नसते.

दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पिल्लू येतंय, सगळं मिळून तीन ते पाच तास. तोंडा-नाकावरची झिल्ली काढा, पुसा, नाळ दोन इंचावर बांधून कापा, आयोडिनमध्ये बुडवा, सडाला लावा. तासभर जोर काढतेय आणि पिल्लू येत नाही तर डॉक्टर. १९६२ ला फोन केला तर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो, पण रात्री येईलच यावर बसू नका, ओळखीच्या डॉक्टरांना तारीख आधीच सांगून ठेवा. वार पडली का बघा आणि पडली की लगेच उचलून पुरा.

पहिल्या वेताची पाठ कधी कधी बिथरून पिल्लांनाच चावते. तसं दिसलं तर पिल्लं टोपलीत, बल्बखाली, तिचं व्यायचं संपेपर्यंत. मग सगळी एकदम लावा. तुम्ही किती लाड केलेले असोत, त्या रात्री आत शिरताना हातात फळी पाहिजे.

चीक पहिल्या सहा ते बारा तासांत प्रत्येकाच्या पोटात गेला पाहिजे, पिल्लाची रोगप्रतिकार सगळी त्यातूनच येते. सडं बारा आणि पिल्लं चौदा झाली तर फार्मवर दुसरीकडं लावतात, तुमच्याकडं ती सोय नाही. मोठी सात पिल्लं दीड तास टोपलीत, लहान सात सडाला, मग उलटं, असं पहिला दिवस. उरलेल्या दोघांना पुढं बाटलीनं. आणि गावात कुणाची म्हैस किंवा गाय जवळपास व्याली असेल तर थोडा चीक मागून फ्रीझरमध्ये ठेवा. डुकरिणीला ताप आला, कास दगडासारखी झाली, पिल्लं किंचाळालीत आणि ती पोटावर पडून पाजत नाही, असं व्याल्यावर दोन-तीन दिवसांत होऊ शकतंय. डॉक्टर येईपर्यंत त्या चिकावर पिल्लं निघतात. ताप मोजा, ३९ च्या आसपास ठीक, ४० च्या वर गेला तर थांबू नका.

सगळ्यात जास्त पिल्लं पहिल्या तीन दिवसांत चिरडून मरतात. त्या तीन दिवसांत कुणीतरी शेडजवळ झोपायचं. बल्ब डुकरिणीपासून लांबच्या कोपऱ्यात लावा म्हणजे पिल्लं दूध पिऊन उबेला तिकडं जातात.

पिल्लं

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, २०० मिलिग्रॅम, डॉक्टरांकडून. सिमेंटवरच्या पिल्लाला माती मिळत नाही आणि दुधात लोह फार कमी असतंय, पिल्लं पांढरी पडून मरतात. नर दोन-तीन आठवड्यांच्या आत खच्ची करा, उशीर केला तर मटणाला वास येतोय आणि भाव कमी. दोन आठवड्यांपासून लहान खणात, जिथं डुकरीण पोचत नाही तिथं, बारीक भरडा ठेवा.

४५ दिवसांच्या आसपास दूध तोडा. पिल्लं काढायची नाहीत, डुकरीण काढायची. पिल्लं त्याच ओळखीच्या खणात राहू द्या. त्या दिवशी तिचं खाद्य कमी करा म्हणजे कास आटते. चार ते सात दिवसांत माजावर येते, फडकं आणून ठेवलेलं असलं पाहिजे.

रोग

स्वाइन फिव्हरची लस पिल्लांना दोन-तीन महिन्यांत, नंतर वर्षाला. लाळ-खुरकतची सहा महिन्यांनी, म्हशींबरोबरच. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा वेगळा रोग, वरची लस त्याला चालत नाही. तो भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आला, २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत. माणसाला होत नाही पण डुक्कर वाचत नाही. जोराचा ताप, कान-पोट जांभळं पडणं, अचानक मरण दिसलं तर कापू नका, विकू नका, पशु दवाखान्याला कळवा. शेडच्या दारात चुन्याचं किंवा फिनेलच्या पाण्याचं पायपुसणं ठेवा आणि दुसरी डुकरं पाळणाऱ्याला, दलालाला आत घेऊ नका, नरवाल्याला पण नाही.

तारखा आणि हिशोब

११४ दिवस गाभण, ४५ दिवस पाजणं, आठवडाभर माज, म्हणजे वर्षाला दोन वेतं आरामात. एक टन खाद्याचा तुमच्या बाजारातला दर, दोनदा नर आणि गाडी, लस-औषध, एवढं जोडा आणि विकायच्या पिल्लांच्या संख्येनं भागा. एका वेताला दहाऐवजी सात पिल्लं, म्हणजे वर्षाची चौदा धरूनच भागा. तो आकडा पिल्लाच्या दराच्या खाली येत नसेल तर अजून जनावर आणू नका. सरकारी राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या अनुदानात हिशोब पन्नास-शंभर माद्यांचा आहे, एकीला ते मिळत नाही.

मोठी मागणी नाताळाला, बेळगाव कॅम्पात आणि त्याहून जास्त गोव्यात. नाताळाला आठ महिन्यांचं डुक्कर पाहिजे तर ते एप्रिलच्या शेवटी जन्मायला पाहिजे, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नर लावा. ३ जानेवारीला लावली तर २७ एप्रिलच्या आसपास व्याली. फक्त ही पिल्लं पुढं वाढवणाऱ्याला विकायला जून अखेरीला, ऐन पावसात येतात, घेणाऱ्याशी मे मध्येच बोलून ठेवा, चोर्ला घाटात दरड पडली की गाडी अडकते. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत गोव्यात मागणी पडते, त्यात पिल्लं काढू नका.

पाच-सहा वेतांनंतर पिल्लं कमी व्हायला लागतात. लागोपाठ दोनदा लावून राहिली नाही किंवा दोन वेतांत पिल्लं चिरडली तर त्याआधीच काढा. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेतातली एक चांगली सडांची पाठ ठेवून द्या, आई जायच्या आत ती तयार होते. त्या पाठीचा बाप जो नर तोच तिला चालणार नाही, त्यामुळं ती दूध पित असतानाच दुसरा नरवाला शोधायला लागा.